आरोग्ययोजनेचा हिशेब कोणी मागावयाचा?



सरकारी योजनांविषयी आपल्या समाजात दोन प्रकारच्या वृत्ती आढळतात. एक वृत्ती म्हणते की, सरकार जे देईल ते पदरात पाडून घ्यावे आणि स्वस्थ बसावे. दुसरी म्हणते की, सरकारच्या हातून आपले काहीएक भले व्हावयाचे नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. या दोन वृत्ती एकमेकींच्या विरुद्ध दिसतात खऱ्या. परंतु दोहींचा परिणाम एकच होतो. दोन्ही प्रकारची माणसे हिशेब मागत नाहीत. ज्याला हिशेब द्यावा लागत नाही तो कारभारी कालांतराने बेफिकीर होतो, हा अनुभव गावकीच्या पैशापासून राज्याच्या तिजोरीपर्यंत सर्वत्र सारखाच आहे. म्हणून आज आपणांपुढे एक प्रश्न ठेवावयाचा आहे. तुमच्या गावासाठी, तुमच्या वस्तीसाठी आरोग्याच्या ज्या योजना आखल्या जातात, त्या सफळ झाल्या की निष्फळ झाल्या, हे ठरवावयाचे कोणी?

"हे डॉक्टरांचे काम, आम्हांला त्यातले काय कळते?" असे कोणी म्हणेल. औषध कोणते द्यावे हे डॉक्टराने ठरवावे, यात वाद नाही. परंतु ते औषध तुमच्या घरी पोहोचले की नाही, हे सांगण्यासाठी वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. ते तुमच्याइतके अचूक दुसरे कोणीही सांगू शकत नाही.

प्रथम योजना म्हणजे काय ते पाहू. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. आज ज्याला आपण प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो त्याची कल्पना आपल्या देशात या अहवालाने रुजविली. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणास्तव कोणीही मनुष्य उपचारांवाचून राहता कामा नये, हे तत्त्व त्या समितीने स्वीकारले, आणि पहिल्या टप्प्यात ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असावे अशी शिफारस केली. १९५२ साली समूहविकास योजना सुरू झाली व तिच्याबरोबर ही केंद्रे उभी राहू लागली. पुढे प्रमाण सुधारत गेले. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे २०,००० व ३,०००, असे आजचे माप आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि सुमारे १,००० लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती, हे माप त्यात मिळाले.

ही मापे चांगली आहेत. परंतु ती सरासरीची मापे आहेत. ५,००० माणसांमागे एक उपकेंद्र, एवढे म्हटल्याने ते कोणत्या आळीत उभे राहिले, तेथे जाण्याची वाट कोणाच्या दारावरून जाते, दारात पाऊल टाकल्यावर कोणाला बाकावर बसवितात आणि कोणाला बाहेर उभे ठेवितात, यातले काहीच कळत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अकरा राज्यांतील ५६५ खेड्यांत अस्पृश्यतेची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश खेड्यांत असे आढळले की, सरकारचे आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्यास नकार देत होते. पुढे २०१० साली संघमित्रा आचार्य यांनी गुजरात व राजस्थान येथील दलित बालकांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही औषध देताना आणि रोग्याला हात लावताना पाळला जाणारा भेदभाव नोंदला गेला आहे. या खेड्यांसाठी कागदावर केंद्र होते, कर्मचारी होता, औषधही होते. माप पुरे झाले होते. माणूस मात्र बाहेरच राहिला.

असा नकार हा केवळ वाईट वर्तणुकीचा भाग नाही, तो अपराध आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात किंवा दवाखान्यात प्रवेश नाकारणे १९५५ च्या कायद्याच्या ५ व्या कलमान्वये दंडनीय ठरविलेले आहे. हा कायदा आज नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. आणि निकडीच्या वेळी वैद्यकीय मदत नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या खटल्यात दिला आहे. तेव्हा दवाखान्याच्या दारात तुम्ही उभे राहता ते कोणाच्या मेहेरबानीसाठी नव्हे, हे प्रथम मनाशी पक्के करा.

आता हिशेबाकडे वळू. कोणत्याही आरोग्ययोजनेचा हिशेब चार प्रश्नांत मावतो. काय आले? काय केले? कोणापर्यंत पोहोचले? आणि काय बदलले? औषधे किती आली, कर्मचारी किती नेमले, हा पहिला प्रश्न. किती लसी टोचल्या, किती शिबिरे भरविली, हा दुसरा. ज्यांना गरज होती त्यांच्यापैकी कितीजणांना मिळाले, हा तिसरा. आणि रोग, मृत्यू, कुपोषण यांत किती घट झाली, हा चौथा. सरकारी अहवाल बहुधा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मोठ्या आकड्यांत देतात आणि तेथेच थांबतात. वाचणाऱ्यालाही आकडा मोठा दिसला की काम मोठे झाले असे वाटते. तसे नसते, याचे पुरावे आपल्याच देशाच्या इतिहासात आहेत.

देवीच्या रोगाचे उदाहरण घ्या. १९६२ साली देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. किती लोकांना टोचले हे त्याचे मुख्य माप होते, आणि टोचण्यांची संख्या कोटींच्या घरात गेली. तथापि शाळेत रांगेने उभी असलेली मुले टोचणे सोपे. तेव्हा त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाई आणि शाळेत न जाणारी बालके, मजुरीसाठी फिरणारी कुटुंबे व कडेच्या वस्त्या वगळल्या जात. आकडा वाढत होता आणि देवीही राहिली होती. १९७४ साली बिहारात तिने भयंकर थैमान घातले. दरम्यान १९७३ च्या अखेरीपासून माप बदलण्यात आले होते. किती टोचले हे विचारण्याऐवजी रोगी कोठे आहे आणि त्याच्या भोवतालची साथ किती दिवसांत थांबली, हे विचारले जाऊ लागले. कर्मचारी घरोघर शोध घेत, नंतर दुसरे तपासनीस काही निवडक घरी जाऊन, "तुमच्याकडे शोध घेणारा आला होता काय?" असे घरच्या माणसांनाच विचारीत. म्हणजे कामाची साक्ष काम करणाऱ्याकडून न घेता ज्यांच्यासाठी काम झाले त्यांच्याकडून घेतली गेली. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. लस तीच होती, देशही तोच होता. प्रश्न बदलला आणि उत्तर बदलले.

दुसरे उदाहरण क्षयाचे. खेड्यातील अडाणी मनुष्य आजार ओळखत नाही, अंगारेधुपारे करीत बसतो, दवाखान्याची पायरी चढत नाही, असे शिकलेल्या लोकांनी गृहीत धरले होते. १९५९ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतर्फे देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात जाऊन प्रत्यक्ष विचारपूस केली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसून आले की, क्षयाच्या बहुसंख्य रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, आणि निम्म्याच्या आसपास रोगी उपचारासाठी गेलेही होते. तेथे त्यांची थुंकी न तपासता खोकल्याच्या औषधाची बाटली हाती देऊन त्यांना परत पाठविण्यात येई. दोष रोग्याच्या अज्ञानाचा म्हणून सांगितला जात होता. तो निघाला दवाखान्याचा. बंधुभगिनींनो, आपल्या लोकांना अडाणी, घाणेरडे, हट्टी म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांना या अभ्यासाची आठवण द्यावी. माणसे का येत नाहीत, हे विचारण्यापूर्वी जी आली त्यांचे काय झाले, हे विचारले पाहिजे.

तिसरे उदाहरण हिवतापाचे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व सुमारे आठ लाख त्यात दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाचा व १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. डी.डी.टी.च्या फवारणीने रोग इतका हटला की, १९६५ साली सुमारे एक लाखच रोगी नोंदले गेले. यश डोळ्यांत भरण्यासारखे होते. परंतु फवारणीची पथके गेल्यावर रोगावर पाळत ठेवावयाची ती प्राथमिक आरोग्य केंद्रांनी, आणि अनेक ठिकाणी ती केंद्रे त्यासाठी तयारच नव्हती. त्यातच डासांना औषध मानवेनासे झाले आणि कीटकनाशकांचा पुरवठाही तोकडा पडला. १९७६ साली रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली. मोहीम जिंकली आणि रोजचे काम हरले, असा याचा अर्थ आहे. म्हणून कोणी मोठी मोहीम घेऊन तुमच्या गावी आला, तर मोहीम संपल्यानंतरच्या महिन्यात कोण येणार आहे, हेही त्याला विचारा.

आता सरासरीच्या आकड्यात आपली वस्ती कशी नाहीशी होते ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, एका गावात १०० बालके आहेत. ८० गावठाणात व २० आपल्या वस्तीत. गावठाणातील ७६ बालकांना सर्व लसी मिळाल्या आणि वस्तीतील ८ बालकांना मिळाल्या. एकूण ८४. अहवालात लिहिले जाईल, शेकडा ८४ लसीकरण पूर्ण. साहेब प्रसन्न होतील. परंतु गावठाणाचे प्रमाण शेकडा ९५ आहे आणि वस्तीचे शेकडा ४०. वस्तीतील १२ बालके उघडी पडली आहेत आणि गोवराची साथ आली तर ती प्रथम त्यांच्यात शिरणार आहे. शेकडा ८४ हा आकडा खोटा नाही. तो तुमच्या मुलांविषयी काही बोलत नाही, एवढेच.

हे केवळ कल्पनेतले गणित नव्हे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे ३५ आढळले. तेच प्रमाण प्रवर्गवार पाहिले असता अनुसूचित जातींत सुमारे ४१ आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग सोडून उरलेल्यांत २८ आहे. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच सरकारच्या छत्राखाली जन्मलेल्या दर हजार बालकांमागे तेरा बालकांचा हा फरक आहे. ३५ या आकड्याने तो झाकला होता. प्रवर्गाच्या रकान्याने तो उघड केला.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो, आणि नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात तो येणे स्वाभाविक आहे. "आम्ही जात टाकून दिली. आता पाहणीला आलेल्या माणसापुढे जातीचे नाव पुन्हा कशाला उच्चारावयाचे?" या भावनेचा आदरच केला पाहिजे. परंतु विचार करा. तुम्ही जात सोडलीत, म्हणून गावाने सोडली काय? तुमच्या घरी यावयाचे की नाही, हे ठरविताना ती नर्सबाई तुमच्या दीक्षेची तारीख विचारते काय? थर्मामीटर लावल्याने ताप येत नाही आणि थर्मामीटर फोडल्याने तो उतरत नाही. रकाना हे ताप मोजण्याचे साधन आहे. धर्माच्या रकान्यात निःसंकोचपणे "बौद्ध" लिहवून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बौद्धांची वेगळी नोंद होते. आणि प्रवर्गाच्या रकान्यात, ज्यांना ते लागू आहे त्यांनी, "अनुसूचित जाती" लिहवून घ्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्या प्रवर्गात समावेश झाला आहे. दोन रकान्यांत विसंगती नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या समाजाच्या बालकांचे व मातांचे आरोग्य कसे आहे, हे आकड्यांनी सांगता आले पाहिजे. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी योजना आखली जात नाही.

मोजमापातून गळणारा आणखी एक वर्ग आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जी कुटुंबे बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावच्या नोंदवहीत त्यांचे नाव असते, माणसे नसतात. कारखान्याच्या तळावर माणसे असतात, नाव नसते. या पाच-सहा महिन्यांत बाळंत झालेली माता, लसीची तारीख चुकलेले बालक आणि औषध अर्धवट राहिलेला क्षयरोगी कोणत्या केंद्राच्या हिशेबात धरावयाचे? योजना आखतानाच या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, तर वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ही माणसे "गैरहजर" ठरतात आणि त्यांचा दोष त्यांच्याच माथी बसतो.

यावर कोणी म्हणेल की, दोष दाखविणे सोपे आहे, करून दाखविले आहे कोणी? करून दाखविलेले आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी त्यावेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावोगावच्या बायकांना, ज्यांत निरक्षर व दलित स्त्रियाही होत्या, शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केले. पुढे दुष्काळ पडला. तेव्हा कूपनलिका दलित वस्तीत खोदल्या जाव्यात असा त्यांनी आग्रह धरला, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे यावे लागावे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला होता त्याचे आरोग्याशी किती जवळचे नाते आहे, हे यावरून ध्यानी येईल. विहिरीची जागा कोठे, हा प्रश्न हगवणीचाही आहे आणि माणुसकीचाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम केले. नवजात बालके घरीच दगावतात, तर त्यांची काळजीही घरी घेतली पाहिजे, असा त्यांचा विचार होता. परंतु विचार चांगला आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. ३९ गावांत शिकविलेल्या गावकरी स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा केली आणि तुलनेसाठी दुसरी ४७ गावे घेऊन दोन्हीकडचा प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू मोजला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढे, २०११ पासून, आशा कार्यकर्तीने नवजात बालकाच्या घरी भेटी देण्याची पद्धत देशभर स्वीकारली गेली. प्रामाणिक मोजणीने खेड्यातील एका बाईचे काम राष्ट्राचे धोरण कसे होऊ शकते, हे यात दिसते.

सामान्य लोकांनी स्वतः हिशेब घेतल्याचेही उदाहरण आहे. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग नऊ राज्यांत झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला. गावकरी एकत्र बसून आपल्या गावाच्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरीत. चांगल्या सेवेला हिरवा रंग, बेताच्या सेवेला पिवळा, वाईट सेवेला लाल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो. मग जनसुनवाई भरे, तेथे डॉक्टर व अधिकारी समोर बसत आणि बाया उठून आपली गाऱ्हाणी सांगत. बंद उपकेंद्र, बाहेरून औषध आणावयास सांगणारी चिठ्ठी, फुकट सेवेसाठी उकळलेले पैसे, हे सारे चारचौघांत बोलले गेले की त्याचा निकाल लावणे भाग पडते.

मग तुम्ही काय करावयाचे? आपल्या गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या वस्तीचा प्रतिनिधी आहे काय, हे पाहा. प्रत्येक वाडीवस्तीला तेथे स्थान मिळावे अशी त्या समितीच्या नियमांतच अपेक्षा आहे. तो प्रतिनिधी शक्य तर स्त्री असावी, कारण लस, बाळंतपण, अंगणवाडी व पाणी यांचा खरा हिशेब तिच्याजवळ असतो. वस्तीतील एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने एक साधी वही घालावी. तीत वर्षभरात वस्तीत झालेले जन्म, झालेले मृत्यू व त्यांचे कारण, प्रत्येक बालकाची लसीची तारीख, गरोदर स्त्रियांची तपासणी आणि आरोग्यसेविका वस्तीत आल्याचे दिवस लिहावेत. सहा महिन्यांनी ती वही व केंद्राची नोंद शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत फरक आढळला तर ग्रामसभेत तो नम्रपणे पण ठामपणे मांडा. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार तुमच्या हाती आहे.

एक पथ्य मात्र पाळा. ज्या आशाताई किंवा नर्सबाई तुमच्या दारी येतात त्यांना या हिशेबाचे शत्रू करू नका. त्यांच्यापैकी कित्येकजणी आपल्यासारख्याच गरीब घरच्या असतात. त्यांच्यावर कामाचा बोजा मोठा आणि मोबदला तोकडा असतो. औषधच आले नसेल तर ती देणार कोठून? दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी चार प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नावर योजना अडली ते शोधा. साधन आले नाही, की आले पण काम झाले नाही, की काम झाले पण वस्ती वगळली गेली? पहिल्याचा जाब वरच्या अधिकाऱ्याला विचारावयाचा, दुसऱ्याचा केंद्राला, आणि तिसऱ्याचा साऱ्या गावाला. जाणूनबुजून शिवाशीव पाळली जात असेल, तर तेथे भीड नको. तेथे कायदा आहे.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या काळात स्त्री-कामगारांना साहाय्य देण्याचे विधेयक आले असता परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला होता. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. आरोग्य हे दयेच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात घालावयाचे, असा त्याचा अर्थ आहे. हक्काच्या खात्याचा नियमच असा की, ज्याचे खाते आहे त्याने ते वाचावे, तपासावे आणि चूक दिसली तर दुरुस्त करवून घ्यावी. तुमच्या वस्तीत पुढच्या वर्षी जी बालके जन्माला येतील त्यांपैकी किती आपला पहिला वाढदिवस पाहतील, हा आकडा कोठेतरी लिहिला जाणारच आहे. तो खरा लिहिला जावा आणि तो गावठाणाच्या आकड्याहून वेगळा नसावा, एवढ्यासाठी ती वही आजच घाला.